संप मिटला (२४ जून २०२१, गुरुवार)

रात्रीचे साडेदहा झालेत. आज वटपौर्णिमा. सकाळी वड पुजून आले आणि तशीच उपासात पिशवी अडकवून सर्व्हेला गेले, कारण काल संप मिटला. १५ तारखेपासून राज्यातल्या ७० हजाराच्या आसपास आशांनी, म्हणजे आमच्यासारख्या गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांनी, काम बंद ठेवलं होतं. मिळालं काय, तर १ जुलैपासून महिन्याला १००० रुपये वाढ आणि ५०० कोविड भत्ता. बायका खूश आहेत, मी पण आहे, पण आतून काही शांत वाटत नाही.

मला तो शब्द टोचतो. स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला. कोविडच्या कामाचे आजवर महिन्याला वेगळे हजार रुपये, म्हणजे दिवसाला ३३. हेच काम गावातल्या गड्यांना सांगितलं असतं तर ३३ रुपयांवर कोण फिरलं असतं दारोदार? बाईमाणूस आहे, सेवा म्हणून करेल, असं सगळ्यांनी धरूनच चाललंय.

गेल्या वर्षी मुंबई-पुण्याहून कोण आलं, कुणाला ताप, कुणाच्या हातावर क्वारंटाइनचा शिक्का, सगळं आम्हीच लिहून दिलं, लोकांनी तोंडावर दारं लावली तरी. एप्रिलमध्ये वरच्या आळीतल्या एका आजीला ऑक्सिमीटर लावला तर आकडाच येईना, बोटं गार पडलेली, मग तिचा हात माझ्या दोन्ही हातात धरून चोळत बसले आणि थोड्या वेळाने दिसलं ८६. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिथंच थांबले. वाचली आजी, आज वडाखाली भेटली, गालावरून हात फिरवला तिने माझ्या.

पण त्या दिवशी घरी आले तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले. परसात गार पाण्याने अंघोळ केली, कपडे गरम पाण्यात टाकले आणि ओल्या केसांनीच भाकरी थापायला बसले. ह्यांची गाडी लॉकडाऊनमुळे बंद, दिवसभर घरातच होते. माणूस वाईट नाही, मला कधी जाऊ नको म्हणाले नाहीत. पण कुकर लावावा हे त्यांना सुचलं नाही आणि लावा असं मी पण म्हणाले नाही. ते मात्र मला आज जास्त लागतंय. सरकारकडे मागायला आम्ही रस्त्यावर उतरलो, घरात अजून तोंड उघडलेलं नाही.

उद्या खालच्या आळीतली २२ घरं राहिलीत. ऑक्सिमीटरचे सेल संपलेत, जाताना दुकानातून घ्यायचे. ते पण माझ्याच पैशातून.