ग्लुकोजच्या पाण्यासाठी तीन खेटे

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) 6.7, उपाशीपोटी शुगर 118. एकाच सकाळचे, एकाच हातातून काढलेल्या रक्ताचे हे दोन आकडे. पहिल्याच्या हिशोबानं मधुमेह झाला (6.5 पासून पुढे), दुसऱ्याच्या हिशोबानं अजून नाही (त्याची रेघ 126 ला, 100 ते 125 म्हणजे मधला पट्टा). घरच्यांनी मात्र त्याच संध्याकाळी माझ्या पोह्यांवरची शेव बंद केली.

त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर हिमोग्लोबिन 9.4, म्हणजे कमी होतं, तिकडे कुणी पाहिलंच नाही. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. एचबीएवनसी तेच मोजतं. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि आकडा फुगतो. नुकतंच रक्त चढवलेलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील, तर उलट खोटा कमी येतो. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, तुमचा निर्णय साखरेच्या आकड्यावरच करायचा, ओजीटीटी (उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी शुगर बघायची टेस्ट) करून या.

इथून पुढे अडकले. इंदूरमध्ये गल्लोगल्ली कलेक्शन सेंटर आहेत. आमच्या घराजवळच्या सेंटरवर पहिल्या दिवशी उपाशी रक्त घेतलं आणि मुलगा म्हणाला, "दीदी, नाश्ता करके दो घंटे बाद आ जाना." म्हणजे पोहे-जलेबी खाऊन! ही पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर झाली. चालू औषधाचा परिणाम बघायला ती ठीक आहे, पण निदानाला नाही. एकानं दोन जलेब्या खाल्ल्या, दुसऱ्यानं नुसते पोहे, मग तुलना कशाशी करणार? ओजीटीटीत सगळ्यांना सारखंच 75 ग्रॅम ग्लुकोज, म्हणून तर दोन तासांच्या आकड्याच्या 140 (त्याखाली नॉर्मल) आणि 200 (तिथून पुढे मधुमेह) या रेघांना अर्थ आहे. चिठ्ठीवर 'ओजीटीटी, 75 ग्रॅम' असं ठळक लिहून घ्या, नुसतं 'शुगर फास्टिंग-पीपी' नको.

दुसऱ्या खेपेला ग्लुकोज मिळालं, पण संत्र्याच्या चवीचं आणि चमच्यानं मोजलेलं. चवीच्या पावडरीत साधी साखरही असते. बिनचवीची घ्या आणि वजनकाट्यावर मोजायला सांगा. पाकिटावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर 82.5 ग्रॅम घ्यावं लागतं, कारण त्यात पाण्याचा अंश असतो. पाणी 250 ते 300 मिली, पाच मिनिटांत संपवायचं. दोन तास पहिल्या घोटापासून धरायचे, ग्लास खाली ठेवल्यापासून नाही. उलटी झाली तर त्या दिवशीची टेस्ट रद्द.

खरी गंमत ट्यूबची. त्याच दुसऱ्या खेपेला माझं रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं. सकाळी 8:10 ला ती स्टँडमध्ये उभी राहिली, ती बारा वाजता स्कूटरवाला मुख्य लॅबमध्ये घेऊन जाईपर्यंत तशीच. ट्यूबमधल्या पेशी जिवंतच असतात, साखर खातच राहतात. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) न फिरवता बाहेर ठेवलं तर तासाला 5 ते 7 टक्के शुगर उतरते. रिपोर्ट आला: उपाशी 97, दोन तासांनी 131. काउंटरवरच्या मुलानं हसून अभिनंदनही केलं. आधी 118, आता 97, आणि मधल्या काळात मी केलं काय, तर शेव सोडली! शुगरसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइडवाली ट्यूब लागते. तिच्यातही पहिल्या तास-दोन तासांत थोडी घट होतेच, म्हणून सेंट्रिफ्यूज तिथेच असलेली लॅब गाठा. जांभळ्या झाकणाची ट्यूब एचबीएवनसीची. त्याला उपाशी राहावं लागत नाही आणि त्या रक्ताला थोडा उशीरही चालतो.

विसरण्याआधी सांगते, टेस्टच्या आधीचे तीन दिवस भात-पोळी सोडू नका. दिवसाला किमान 150 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, नाहीतर दोन तासांचा आकडा खोटा चढतो. मी घाबरून भात बंद केला होता, तो तिसऱ्या खेपेआधी परत सुरू केला. रात्रीपासून 8 ते 14 तास उपास, चहा बिनसाखरेचाही नाही. मधल्या दोन तासांत बसून राहायचं. बाजारात चक्कर नको, विडी-सिगारेट तर नकोच. ताप असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर टेस्ट पुढे ढकला.

घरच्या ग्लुकोमीटरवर निदान करू नका. 100 च्या वर 15 टक्के इकडे-तिकडे चालतं, असं त्याचं मानकच सांगतं. म्हणजे खरे 126 असले तर यंत्र 108 दाखवूनही 'पास' होतं.

तिसरी खेप दुसऱ्या लॅबमध्ये. काट्यावर मोजलेलं ग्लुकोज, राखाडी झाकण, रक्त काढल्यावर पाचव्या मिनिटाला सेंट्रिफ्यूज सुरू. उपाशी 116, दोन तासांनी 164. मधुमेह नाही, पण 140 ते 199 च्या पट्ट्यात, म्हणजे प्री-डायबेटिस. दोन तासांचा आकडा 200 च्या वर गेला असता तरी लक्षणं नसताना एकट्या आकड्यावर शिक्का मारत नाहीत, आणखी एका टेस्टचा आकडाही मधुमेहाच्या रेघेपलीकडे यावा लागतो. हेही आधी कुणी बोललं नव्हतं.

चार महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर हिमोग्लोबिन 12.1 झालं आणि एचबीएवनसी 6.1. तो 97 वाला 'नॉर्मल' रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवलाय, वर लाल पेनानं '3 तास 50 मिनिटं' लिहून.