कोपऱ्यातला आकडा

जुन्या हॉलिवूडच्या इतिहासाचा नाद लागला की माणूस नट्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा थांबतो. समोर आठ बाय दहा इंचांचा काळा-पांढरा ग्लॉसी फोटो, त्यात तिरप्या उजेडात बसलेली जगप्रसिद्ध सुंदरी, आणि बघणाऱ्याची नजर मात्र खालच्या कोपऱ्यात काहीतरी चाचपडतेय. लग्नपत्रिका हातात आली की आधी तळाशी बारीक अक्षरात छापलेलं प्रेसचं नाव वाचणारी माणसं असतात, त्यातलाच हा प्रकार.

कोपऱ्यात असतो एक आकडा. निगेटिव्हवर शाईनं लिहिलेला, म्हणून फोटोत पांढरा उमटलेला. उदाहरणार्थ १०६०, मग आडवी रेघ, मग आणखी एक आकडा. रेघेच्या अलीकडचा आकडा स्टुडिओच्या दप्तरातला चित्रपटाचा क्रमांक. एमजीएमचा १०६० म्हणजे ‘द विझर्ड ऑफ ऑझ’. पलीकडचा आकडा त्या चित्रपटासाठी काढलेल्या फोटोचा. हे फोटो म्हणजे स्टिल. पुष्कळदा त्यांचा क्रम चित्रीकरणाचा असतो, गोष्टीचा नव्हे. त्यामुळे शेवटच्या प्रसंगाचा फोटो पहिल्या पंचविसात सापडला तर दचकायचं नाही.

आरकेओचा २८१ म्हणजे ‘सिटिझन केन’. पण २८१ हा आकडा दुसऱ्या स्टुडिओच्या वहीत भलत्याच चित्रपटापुढे असू शकतो. म्हणून आधी स्टुडिओ ठरवायचा, मग आकडा वाचायचा. हा क्रम उलटा केला की आपल्या संग्रहाची यादी बिघडते, आणि बिघडलेली यादी इतरांनी उतरवून घेतली की ती दुरुस्त करायला जन्म पुरत नाही. काही स्टुडिओ आकड्यांऐवजी नावाची आद्याक्षरं टाकत. तिथं वेगळी गोम. चित्रीकरणाच्या वेळचं नाव आणि पडद्यावर आलेलं नाव एकच असेल असं नाही. ‘व्हर्टिगो’ आधी ‘फ्रॉम अमंग द डेड’ होता. ‘सनसेट बुलेव्हार्ड’चं कामापुरतं नाव होतं ‘अ कॅन ऑफ बीन्स’, म्हणजे घेवड्याचा डबा! कथेचा वास बाहेर कुणाला लागू नये म्हणून केलेली ती सोय. फोटोमागे असलं कधी न ऐकलेलं नाव दिसलं की नवशिक्याला वाटतं, हरवलेला चित्रपट हाती लागला. बहुतेक वेळा तो डबाच निघतो.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. स्टिल म्हणजे चित्रपटाच्या रिळातून उचललेली चौकट नाही. सेटवर स्टिलवाला वेगळा असे, त्याचा कॅमेरा वेगळा, बऱ्याचदा आठ बाय दहाच्याच निगेटिव्हचा. शॉट मनासारखा झाला की नटनट्यांना तोच क्षण पुन्हा धरून थांबायला सांगत आणि तो फोटो घेत. चुंबनाच्या स्टिलमध्ये दोघं पुतळ्यासारखी का दिसतात, ते यावरून कळतं. भुवईचा केसन् केस मोजता येतो तोही यामुळेच. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, लागत नाही, कागद थेट त्याला चिकटवून काँटॅक्ट प्रिंट निघतो.

आता फोटो उलटा करायचा, कारण खरी मजा पाठीवर आहे. तिथं डिंकानं चिकटवलेला टंकलिखित कागद असतो, त्याला या धंद्यात स्नाइप म्हणतात. त्यावर नटाचं नाव, चित्रपटाचं नाव, दोन ओळींची स्तुती. शेजारी रबरी शिक्के, वर्तमानपत्राच्या कात्रणाचा तुकडा, संपादकानं मेणपेन्सिलीनं मारलेल्या रेघा. यातला तारखेचा शिक्का सर्वांत फसवा. तो फोटो काढल्याचा दिवस सांगत नाही, छापल्याचा सांगतो. नट वारला की ग्रंथालयातून त्याचा तिशीतला देखणा फोटो काढायचा आणि मृत्युलेखात लावायचा, ही तर जगभरच्या वर्तमानपत्रांची जुनी चाल. एकाच पाठीवर चार शिक्के असतील तर सर्वांत जुना पकडायचा, आणि तोही ‘याच्या आधी केव्हातरी’ एवढ्याच अर्थानं.

स्नाइपवरच्या मजकुरावर तर अजिबात विसंबू नये. तो प्रसिद्धी विभागाचा माल. मर्ल ओबेरॉन या नटीचंच बघा. तिचा जन्म १९११ सालचा, आपल्या मुंबईतला. प्रसिद्धीवाल्यांनी मात्र जन्मस्थान म्हणून टास्मानिया पक्कं करून टाकलं आणि ते जन्मभर चाललं. आई आशियाई रक्ताची आहे हे त्या काळच्या हॉलिवूडला चालणारं नव्हतं. ‘द डार्क एंजल’साठी १९३५ सालच्या ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही या टास्मानियाच्या मुलीला. आपल्या यादीत स्नाइपचा मजकूर अवतरणचिन्हांत जसाच्या तसा उतरवायचा आणि खरी माहिती शेजारच्या रकान्यात लिहायची. दोन्ही लागतं, खोटंसुद्धा.

काही पाठींवर मंजुरीचा शिक्का भेटतो. सेन्सॉरची आचारसंहिता १९३४ पासून कडक झाली आणि जाहिरातीचे फोटोही तपासून घ्यावे लागू लागले. याला वैतागून व्हाइटी शेफर नावाच्या स्टिलवाल्यानं १९४० च्या सुमारास एक फोटो काढला. मेलेला पोलीस, मशीनगन, दारू, जुगार, मांडी, लेसची अंतर्वस्त्रं अशा दहा निषिद्ध गोष्टी त्यानं एकाच चौकटीत बसवल्या. सगळा नियमभंग एका दमात उरकला की मनाला बरं वाटतं, हे सरकारी कचेरीत फॉर्म भरलेल्या कुणालाही पटेल.

अस्सल आणि नक्कल ओळखायला महागडी यंत्रं लागत नाहीत. बोट पुरतं. फोटोवर घडी दिसतेय, टाचणीचं भोक दिसतंय, पण बोट फिरवलं की कागद गुळगुळीत लागतो? मग ती घडी मूळ फोटोची. समोर आहे तो त्या फोटोचा फोटो. अशा नकलेत काळं जास्त काळं होतं, सूटच्या सुरकुत्या गिळल्या जातात आणि कोपऱ्यातला आकडा पाण्यात भिजल्यासारखा होतो. दुसरी परीक्षा अंधाऱ्या खोलीतली. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च पाठीवर मारायचा. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात उजळपणाची रसायनं आहेत, आणि तसा कागद फोटोसाठी १९५० च्या दशकात रुळला. म्हणजे ‘१९३७ चा मूळ प्रिंट’ दिव्यासारखा चमकत असेल तर विकणाऱ्याला नमस्कार करून उठावं. उलट बाजू मात्र लक्षात ठेवायला हवी: न चमकणारा प्रत्येक कागद जुना नसतो, कारण पुढेही काही कागद त्या रसायनांशिवाय निघत होते. पाठ प्लॅस्टिकसारखी लागली तर तो रेझिन-कोटेड कागद, म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतरचा. आणि कडेला आरशासारखी निळसर झाक दिसली तर खूश व्हायचं, पुसायचं नाही. ती वर आलेली चांदी आहे, मळ नव्हे. कापसाच्या बोळ्यानं ती ‘साफ’ करणाऱ्यांनी जेवढे फोटो मारलेत तेवढे वाळवीनंही खाल्ले नसतील.

मुंबईत किंवा कोकणात हा संग्रह सांभाळायचा तर खरा शत्रू जुलै महिना. फोटोवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे जेलीचाच भाऊ. दमट हवेत तो फुगतो, शेजारच्या फोटोला किंवा फ्रेमच्या काचेला चिकटतो आणि ओढला की चेहऱ्यासकट निघून येतो. चिकटलाच तर ओढायचा नाही, जाणकाराकडे न्यायचा. एरवी प्रत्येक फोटो पॉलिएस्टरच्या स्वतंत्र पाकिटात, पाकिटं डब्यात, डब्यात सिलिका जेल, आणि आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहील असं बघायचं. पीव्हीसीचे आल्बम नकोत, रबरबँड नकोत, सेलोटेप तर दारातही नको. पाठीवर काही लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, दाब न देता.

स्कॅन करताना पुढची बाजू ६०० डीपीआय, सोळा बिट ग्रेस्केल, टिफ फाइल. ४८०० गुणिले ६००० पिक्सेल, साधारण ५८ एमबी. पाठ ३०० डीपीआयला चालते, पण रंगीत हवी, कारण जांभळा शिक्का आणि निळी शाई यातला फरक पुढे कामाला येतो. ती साधारण २२ एमबी. शंभर फोटोंना आठ जीबी धरून चालायचं. पांढरी चौकट कापायची नाही. कापली की आकडा गेला.

मग यादीतला सगळ्यात भांडकुदळ रकाना येतो: साल. ‘कॅसाब्लांका’चं साल कोणतं? न्यूयॉर्कला पहिला खेळ २६ नोव्हेंबर १९४२ ला झाला, सर्वत्र प्रदर्शन २३ जानेवारी १९४३ ला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर १९४३ सालचं. चॅप्लिनचा ‘लाइमलाइट’ त्याहून अवघड: चित्रपट १९५२ चा, लॉस एंजेलिसच्या थिएटरात लागला १९७२ मध्ये, म्हणून संगीताचं ऑस्कर मिळालं १९७३ मध्ये. तेव्हा एका सालावर भागत नाही. चित्रीकरण, पहिला खेळ, सर्वत्र प्रदर्शन असे तीन रकाने आखायचे आणि अडेल तिथं अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा कॅटलॉग उघडायचा. त्या काळची सिनेमासिकं ‘लँटर्न’ या संकेतस्थळावर शोधता येतात. पण ती पानं यंत्रानं वाचलेली आहेत, म्हणून नाव चुकीच्या स्पेलिंगनंही शोधून पाहायचं. यंत्राला जुन्या छपाईतला ‘आर’ आणि ‘एन’ जोडीनं आला की ‘एम’ दिसतो.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्याला ‘अ स्टार इज बॉर्न’ दाखवावा, जुडी गार्लंडचा, १९५४ चा. पहिले खेळ १८१ मिनिटांचे होते, नंतर स्टुडिओनं कात्री लावली. चित्रपट-इतिहासकार रोनाल्ड हेव्हरनं १९८३ मध्ये तो पुन्हा जोडला तेव्हा पूर्ण ध्वनिपट्टी सापडली, पण काही प्रसंगांची चित्रफीत सापडलीच नाही. त्या जागी स्टिल आहेत. पडद्यावरची माणसं जागच्या जागी थांबतात, आणि मागे त्यांचं बोलणं चालूच राहतं.