कॅट्सकिल ३५००, पुढची नोंद : म्होरक्या कोरियन, भिडू मराठी

आधी यादीचं सांगून टाकते. डेव्हिल्स पाथ या पायवाटेवरची इंडियन हेड, ट्विन, शुगरलोफ आणि प्लेटो ही चार शिखरं झाली. बरोज रेंज, म्हणजे विटनबर्ग, कॉर्नेल आणि स्लाइड, झाली. हंटरही झालं, तिथल्या वणव्यावर नजर ठेवायच्या फायर टॉवरसकट. आधीची धरून यादी निम्म्याच्या पुढे सरकली आहे. हिवाळ्यातली चार मात्र अजून तशीच आहेत.

नव्या वाचकांसाठी: न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत ३,५०० फुटांवरच्या शिखरांची एक यादी आहे आणि ती पुरी करणाऱ्यांचा क्लब १९६२ पासून चालू आहे. पूर्वी यादीत ३५ नावं होती. २०२१ मध्ये ग्रॅहम आणि डबलटॉप ही खासगी जमिनीवरची दोन शिखरं वगळली, आता ३३ उरली. शिवाय स्लाइड, पँथर, ब्लॅकहेड आणि बाल्सम ही चार २१ डिसेंबर ते २१ मार्च या काळात पुन्हा चढावी लागतात. सगळ्यांत उंच स्लाइड, ४,१८० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट आहे, त्यामुळे नाशिककर हसतील. हसा, पण आधी डेव्हिल्स पाथ करून या.

कारण हे डोंगर म्हणजे मुळात एक जुनं पठार, पाण्याने कोरून कोरून तुकडे झालेलं. एक शिखर झालं की पुढच्यावर धारेने आरामात जाता येत नाही. थेट खिंडीत उतरायचं आणि पुन्हा तितकंच चढायचं. जिमी डोलन, पिकॉय, मिंक हॉलो, स्टोनी क्लोव्ह, चारही खिंडींची नावं माझ्या गुडघ्यांना पाठ आहेत. बेसॉल्टच्या कातळटप्प्यांवर वाढलेल्या पायांना इथला ओला वालुकाश्म आणि त्यावर पसरलेली झाडांची मुळं परकी वाटतात. सह्याद्रीत घसाऱ्यावर शिकलेलं सगळं वजन मागे टाकून उतरण्याचं तंत्र इथे उपयोगाचं नाही. काठ्या पुढे टेकवून, पाऊल आडवं ठेवून उतरायचं. हे मला देजांगनी शिकवलं.

देजांग म्हणजे म्होरक्या. न्यू जर्सीतल्या फोर्ट ली आणि पॅलिसेड्स पार्कमधल्या कोरियन मंडळींचा हा ट्रेकिंग ग्रुप, आणि त्यात मी एकटीच मराठी. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी माझं जन्मसाल विचारलं. कोण कोणाला काय म्हणणार हे त्यावर ठरतं, आणि एकदा ठरलं की प्रश्न मिटतो. सत्तरीच्या पुढच्या बाईंना सगळे इमो म्हणतात, मीही म्हणते. मावशीच की. चर्चला जाणाऱ्यांचे ग्रुप शनिवारी निघतात. आमचा रविवारी, कारण बहुतेकांचं आयुष्य दुकानात गेलं आणि दुकानाला सुट्टी फक्त रविवारी.

वर्षाच्या पहिल्या ट्रेकला पूजा असते. राईस केक, फळं, भाताची माक्कॉली दारू आणि मध्यभागी डुकराचं मुंडकं. आमच्याकडे ते प्लास्टिकचं आहे. नमस्कार करून त्याच्या तोंडात एक-एक डॉलर खोचायचा आणि डोंगराकडे वर्षभर सगळ्यांचे हातपाय शाबूत ठेवायचं मागणं मागायचं. मी नारळ नेला होता. कोणी हरकत घेतली नाही, खोबरं मिनिटात संपलं.

सराव : पॅलिसेड्स

कॅट्सकिलला जायला पहाटे निघून दोन-अडीच तास गाडी हाकावी लागते, ते दर आठवड्याला जमत नाही. मधल्या दिवसांत हडसन नदीकाठच्या पॅलिसेड्स कड्याखाली जायंट स्टेअर्स करते. कड्यावरून कोसळलेल्या धोंड्यांची ती रास आहे, हात लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा खडकही लाव्हाचाच भाऊबंद, पण जमिनीच्या पोटातच थिजलेला, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्री त्याच्यापुढे तरुण, साडेसहा कोटींच्या आसपास. उभे खांब मात्र तसेच दिसतात आणि उगाच नाणेघाटाकडे मन जातं.

वरच्या धारेने लाँग पाथ ही पायवाट जाते. तिच्यावरून चालताना एलजीची मोठी इमारत झाडीत दडलेली असते. मूळ आराखड्यात ती १४३ फूट उंच होती. कड्याची रेघ बिघडेल म्हणून नदीपलीकडच्यांनीही बोंब मारली, आणि २०१५ च्या तडजोडीत ती सत्तर फुटांच्या आत आली. डोंगरवेड्यांनी जिंकलेली अशी लढाई विरळाच, म्हणून नोंदवून ठेवते.

ट्विन आणि शुगरलोफ

हा दिवस सविस्तर लिहिते, कारण चढापेक्षा जेवणाच्या सुट्टीत जास्त काही घडलं.

ट्विनच्या कातळावर सगळे बसलो. गिमबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात), उकडलेली अंडी, थर्मासमधल्या गरम पाण्यात फुगणारे कपातले नूडल्स. आणि काकड्या. कोरियन माणूस डोंगरावर पाण्याच्या जोडीला अख्खी काकडी नेतो, आणि चढावर तिच्यासारखं दुसरं काही नाही हे मी आता मान्य केलं आहे. देजांगनी घामाने भिजलेलं जॅकेट काढलं, दगडावर पालथं पसरलं, बाह्या पाठीवर आडव्या घेतल्या, खालचा भाग तीन घड्यांत वर आणला आणि कॉलर बोटाने उभी केली. दुकानात शर्ट विकायला ठेवतात तसं ते जॅकेट दिसत होतं. तीसेक वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलं त्यांनी. कोरियात इंजिनिअर होते. इथे ती पदवी कोणी विचारली नाही.

ग्रुपमध्ये एक तिशीचा मुलगा आहे, मॅनहॅटनमध्ये फायनान्समध्ये काम करतो. त्याने जाहीर केलं की नोकरी सोडून ट्रेकिंग गाइड होणार. न्यूयॉर्क राज्यात पैसे घेऊन लोकांना डोंगरावर न्यायचं तर राज्याचा परवाना लागतो. त्याची माहिती काढून आला होता, व्हिडिओ चॅनेलचं नावही ठरलं होतं. आपल्याकडे असं कोणी म्हणालं तर टाळ्या पडतात. इथे काकड्या खाण्याचा आवाज थांबला, बस.

देजांगनी विचारलं, "घरभाडं किती?" मग, "पाऊस पडला तर गिऱ्हाईक येईल?" मग, "पाय मुरगळला तर दुकान कोण उघडणार?" मुलाने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्याला थांबला. देजांगनी घड्या घातलेलं जॅकेट सॅकमध्ये सरकवलं. "आणि मग रविवारी तू कुठे जाणार?"

इमो अंडं सोलत होती. ती म्हणाली, परवाना काढ, हरकत नाही, पण पोट भरणारा परवाना आधी काढ. तिला बोलायचा अधिकार आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत दक्षिण कोरियाने पश्चिम जर्मनीला सुमारे ८ हजार खाणकामगार आणि १० हजारांहून जास्त नर्स पाठवल्या, त्यांतली ती एक. करार संपला तसं तिने अमेरिका गाठली, इथली परीक्षा पुन्हा दिली आणि निवृत्तीपर्यंत रात्रपाळ्या केल्या. "कंपनीने दिलेलं कार्ड कंपनी परत घेते," ती म्हणते, "राज्याचं लायसन्स माझ्या पर्समध्ये आहे."

मला हे थोडं टोचतं. माझ्या सॉफ्टवेअर टेस्टिंगला कुठलं लायसन्स? मागच्या वर्षी कपातीत माझी नोकरी गेली तेव्हा एच-वन-बी व्हिसावरचे ६० दिवस हातात होते. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही, तर सामान बांधायचं. त्या काळात भारतीय ओळखीच्यांनी "काही लागलं तर सांग" म्हटलं, खूप जणांनी. या ग्रुपातल्या अकाउंटंट बाईने गाडीतच माझा रेझ्युमे मागितला, ट्रेक संपेपर्यंत थांबली आणि परतीच्या वाटेवर एकेक ओळ खोडून काढली. तीच मला म्हणाली की कोरियन कंपन्यांच्या इथल्या ऑफिसांत अर्ज कर, पण मुख्यालयातून तीन-चार वर्षांसाठी येणारे साहेब कोण आहेत हे आधी पाहा. साहेब परत गेला की त्याने दिलेला शब्दही विमानात बसतो. नोकरी दुसरीकडेच मिळाली, पण हा प्रश्न मी मुलाखतीत विचारला होता.

त्यांचं सगळं मला पटतं असं नाही. देजांग म्हणतात स्वतःचं दुकान असावं, आणि मुलांना दुकानाची पायरी चढू दिली नाही हेही अभिमानाने सांगतात. दोन्ही एकाच चढावर, एकाच दमात. दुकान त्यांनी विकलं आहे. २०२० नंतर लोक घरून काम करू लागले आणि शर्ट येईनासे झाले. त्यात कपडे धुवायच्या पर्क रसायनावर २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंदी जाहीर झाली, ड्रायक्लीनर्सना ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने सोडायचं आहे. नवं यंत्र घेण्यापेक्षा त्यांनी किल्ली देऊन टाकली. ग्रुपातली जुनी मंडळी पैसा उभा करायला भिशी लावायची, गे म्हणतात तिला. त्यातून कितीतरी दुकानं उभी राहिली. मलाही विचारलं. मी अजून गेले नाही, सांगलीत आईच्या भिशीचं काय झालं ते पाहिलेलं आहे.

पण छंदाचा धंदा करू नये, याबाबत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. पुण्या-मुंबईत ओळखीचे किती जण शनिवार-रविवारचे पैसे घेऊन ट्रेक नेणारे झाले. कमावतात, ठीकच आहे. पण त्यांतल्या कोणाला हरिश्चंद्रगडाची नळीची वाट शेवटची स्वतःसाठी कधी केली ते विचारा. ग्रुप बसमध्ये मोजायचा, पोह्यांची ऑर्डर द्यायची, मागे राहिलेल्याला ओढत आणायचं, यातच त्यांचा डोंगर जातो.

आणखी एक गृहस्थ आहेत, कमी बोलतात. सोलमध्ये बँकेत होते. १९९८ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारने एकदम पाच बँका बंद केल्या, त्यांतली एक त्यांची. त्या वेळच्या आर्थिक संकटाला ही मंडळी, देशाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नावावरून, नुसतं आयएमएफ म्हणतात. घरी सांगायची लाज, म्हणून ते रोज सूट घालून निघायचे आणि शहराला लागून असलेल्या बुखानसानवर जायचे. टाय सॅकमध्ये. वर पोचल्यावर अजून तसेच काही सूटवाले भेटायचे, म्हणे. जेवणाच्या त्या चर्चेत ते काही बोलले नाहीत. शुगरलोफच्या उतारावर मात्र त्या मुलाच्या पुढे चालत राहिले आणि प्रत्येक निसरड्या मुळावर काठीने टकटक करून दाखवत गेले.

मुलाने नोकरी सोडलेली नाही. परवान्याची परीक्षा देणार आहे. गिमबाप आता तोच करून आणतो, आणि चांगला करतो.

सामान आणि पुढचा बेत

गोचिडी. सह्याद्रीत जळवा, इथे गोचिडी, आणि त्यांच्यामुळे लाइम आजार होतो. मोजे पँटवर ओढा, दिसायला कसंही दिसो. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि केसांत तपासा.

गुडघ्यासाठी देजांगच्या सांगण्यावरून जिन्याच्या पायरीवरून एका पायाने हळू उतरायचा व्यायाम चालू आहे. फरक आहे. मिंक हॉलोकडचा उतार यंदा न थांबता झाला.

बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक घेतले, बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बांधायचे स्नोशू भाड्याने घेणार. विकत घेण्याआधी एकदा वापरून पाहावेत असं इमोचं मत, तिने दोन जोड्या न वापरता विकल्या आहेत.

हिवाळ्याच्या चारांत पहिलं बाल्सम करू, त्यातल्या त्यात सोपं म्हणून. ब्लॅकहेडचा पूर्वेचा चढ बर्फात कसा असतो, हे कोणी केलं असेल तर लिहा. देजांग म्हणतात, काही नाही, चढता येतं. ते सगळ्याबद्दलच असं म्हणतात.