शामांयच्या चुलीला चौदा आकडी नंबर

२०२१च्या मार्चमध्ये गोव्यातल्या म्हापशाच्या एका दुकानदाराने आमच्या चोरिसांच्या बारा माळा परत पाठवल्या. माल वाईट नव्हता, उलट त्या वर्षी ऊन चांगलं लागल्यामुळे मणी मस्त लालबुंद झाले होते. निरोप एवढाच होता की एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर आणा, मग माळा आणा. पप्पांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "पासष्ट वर्सां झाली, आमका कोणी नंबर विचारूक नाय."

घाटावरच्या वाचकांसाठी आधी सांगते, चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज. मांसाचे आणि चरबीचे बारीक तुकडे मीठ लावून रात्रभर वजनाखाली दाबायचे, सुटलेलं पाणी काढून टाकायचं, उन्हात धरायचे. मग मिरची, लसूण, मिरी, जिरं, दालचिनी, लवंग माडीच्या विनेगरात वाटून तो मसाला आणि थोडी फेणी घालून दोन-तीन दिवस मुरवायचे. ते स्वच्छ केलेल्या आतड्यांत भरून दोऱ्याने बोटाच्या पेराएवढे मणी बांधत जायचं. शेवटी परत ऊन आणि धूर. पोर्तुगीजांचा शोरिसो तो हाच, पण इथे आल्यावर वाइनच्या जागी माडीचं विनेगर आलं आणि तिखटाने कहर केला. पावसाळ्यात मासे मिळत नाहीत तेव्हा दोन मणी कांद्यावर परतले की जेवण होतं, म्हणून मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सामानात सुक्या बांगड्याबरोबर चोरीस हवेतच.

आमचं घर बांद्याजवळ, म्हणजे सिंधुदुर्गात, गोव्याच्या वेशीवर. आजीला आम्ही शामांय म्हणायचो. तिचं माहेर पेडण्याकडचं, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीतलं. १५ ऑगस्ट १९५५ला सीमेवर पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, सीमा आवळली गेली आणि येणंजाणं जवळजवळ बंद पडलं. तासाभराच्या चालीवरचं माहेर एकदम परदेश झालं. तोवर दर मे महिन्यात तिच्या आईकडून माळा यायच्या, त्या थांबल्या. पुढच्या उन्हाळ्यात तिने एक डुक्कर घेतला आणि आठवणीवर विसंबून स्वतःच घाट घातला. उरलेल्या माळा शेजाऱ्यांनी विकत घेतल्या, त्याच्या पुढच्या वर्षी दोन डुक्कर झाले. आमच्या धंद्याची स्थापना ती एवढीच. डिसेंबर १९६१ला गोवा मोकळा झाल्यावर ती आपल्या माळा घेऊन माहेरी गेली. तिच्या आईने मणी चाखला आणि म्हणाली, "विनागर उणें जालां." ही गोष्ट शामांय मरेपर्यंत रागाने सांगायची.

आता नंबराकडे. मी तेव्हा लॉकडाऊनमुळे पुण्याहून घरी आले होते आणि लॅपटॉपवाली घरात मीच, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. पहिली चूक मी केली ती एजंट गाठण्याची. त्याने चार दिवसांत नंबर आणून दिला, आम्ही पेढे वाटले. दुकानदाराने नंबर बघितला आणि पहिल्याच आकड्यावर बोट ठेवलं. चौदा आकड्यांत पहिला १ असेल तर लायसन्स, २ असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन. आमचा २ होता. पोर्टलवर शोधल्यावर कळलं की एजंटने आम्हाला किरकोळ विक्रेते करून टाकलं होतं. म्हणजे दुसऱ्याने केलेले चोरीस विकायला आम्हाला मुभा होती, स्वतः करायला नव्हती! पैसे गेले, तीन महिने गेले, उन्हाळाही गेला.

मग फॉसकॉस या एफएसएसएआयच्या लायसन्सांच्या पोर्टलवर मी स्वतः बसले. राज्य लायसन्स, मांसप्रक्रिया. दिवसाला एक टनाच्या आतल्या उत्पादनाला फी तेव्हा वर्षाला ३००० रुपये होती. आमचं उत्पादन टनाच्या जवळपास जायला शामांयला पुनर्जन्म घ्यावा लागला असता. फी भरणं दहा मिनिटांचं काम. कागद जमवायला मात्र सात महिने लागले: जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा अहवाल, मांस कुठून येतं त्याचा पुरावा, काम करणाऱ्यांचे डॉक्टरी दाखले, अन्नसुरक्षेची योजना, स्थानिक संस्थेचा ना हरकत दाखला. यंत्रांच्या यादीत काय लिहायचं ते कळेना. सुरा, मिक्सर, नरसाळं आणि पप्पा.

जागेचा पुरावा शोधताना ट्रंकेत एक बाजारकराची पावती सापडली, शामांयच्या नावाची, खाली छापलेलं 'जि. रत्नागिरी'. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ला, म्हणजे पावती त्याआधीची. ती मी उत्साहाने अपलोड केली. तिचा काही उपयोग नव्हता, हवं होतं ते घरपत्रक. पण पप्पांनी ती पावती प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि येईल त्याला दाखवू लागले.

ना हरकत दाखल्याला सभेत तिघांनी हरकत घेतली: धूर, वास, आणि आणखी काय काय, जे मोठ्याने बोललं गेलं नाही. तिघांपैकी दोघे आमचे जुने गिऱ्हाईक, काळोख पडल्यावर मागच्या दाराने येणारे. पप्पा तोंड उघडणार होते, मी त्यांचा हात दाबला. धुराड्याची उंची वाढवण्याच्या अटीवर दाखला मिळाला.

पाण्याने खरं रडवलं. आमच्या विहिरीचं पाणी गोड, अख्खी वाडी पिते. मी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरून गोव्याच्या प्रयोगशाळेत नेलं, तर त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. जंतूंची तपासणी असेल तर निर्जंतुक बाटली तेच देतात, ती बर्फात ठेवून वेळेत पोचवायची. दुसऱ्या खेपेला तसं केलं आणि अहवाल आला: कोलिफॉर्म, म्हणजे घाणीतून येणारे जंतू, आहेत. भर पावसाळ्यातला नमुना, वरच्या बाजूला गोठा, दुसरं काय येणार. विहिरीला कठडा बांधला, टीसीएलची जंतुनाशक पावडर टाकली, टाकीला क्लोरीनचा डोसर बसवला. तिसरा अहवाल स्वच्छ आला. वाडीतल्यांनी मात्र आठवडाभर "पाण्याक वास येता" म्हणून माझा उद्धार केला.

सगळ्यात मोठा बदल मांसाचा. आजवर गावातला डुक्कर घ्यायचा आणि घरामागे कापायचा, हीच रीत होती. नियमानुसार मांस परवानाधारक कत्तलखान्यातून यायला हवं, जिथे पशुवैद्यक जनावर कापायच्या आधी जिवंतपणी बघतो आणि नंतर मांसही तपासतो. पप्पांना हा सरळ अपमान वाटला. त्यांचं म्हणणं, शामांयसुद्धा बघायची. आणि ते खरंच होतं. ती डुकराची जीभ ओढून खालच्या बाजूने बोट फिरवायची, साबुदाण्यासारखा दाणा लागला की डुक्कर परत. मी हे ओळखीच्या पशुवैद्यकांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, तुमची आजी बरोबर तेच शोधत होती, ते फीतकृमीचे कोष असतात, उघड्यावर घाण खाणाऱ्या डुकरात होतात, ते खाल्ले तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी होते आणि तिची अंडी पोटात गेली तर तसेच कोष मेंदूतही होऊ शकतात. पण जिभेवर हाताला काही लागलं नाही तरी कोष आत स्नायूंत असू शकतात, म्हणून कापल्यावरची तपासणी लागते. हे ऐकल्यावर पप्पा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बघ तुझो तो कत्तलखानो." मांस आता थंडगार येतं, दाखल्यासकट, आणि किलोमागे महाग पडतं. त्याला हात लावताना ते अजून तोंड वाकडं करतात.

यानंतर वजनं. अन्नसुरक्षेच्या योजनेत मिठाचं प्रमाण, मुरवणीचे तास, सगळं आकड्यांत लिहायचं होतं. पप्पांचं माप म्हणजे ओंजळ, मूठ आणि चिमूट. मी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मागवला आणि प्रत्येक मूठ परातीत पडायच्या आधी त्यावर ठेवायला लावली. मिठाची मूठ तीन घाण्यांत जवळजवळ सारखी भरली, इतकी की मलाच लाज वाटली. घोळ झाला तो चिमटीत. शामांय मांसाचा रंग राहावा म्हणून सोरा घालायची, पप्पाही घालतात, आणि ही गोष्ट ते मला सांगायला तयार नव्हते. कुणीतरी सांगितलं होतं की त्याने लायसन्स जातं. प्रत्यक्षात सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, चालतो. रंग राखतोच, शिवाय हवाबंद मांसात वाढून बोटुलिझमचं विष तयार करणाऱ्या जंतूंना आवर घालतो. पण मर्यादेत घालायचा आणि लेबलावर त्याच्या ठरलेल्या क्रमांकाने लिहायचा, आयएनएस २५२. पप्पांची चिमूट काट्यावर एकदा जेवढी भरली, त्याच्या दुप्पट दुसऱ्या दिवशी भरली. कमी पडला तर धोका, जास्त पडला तरी धोका. त्या दिवसापासून सोरा मी मोजते, आधी मिठात नीट मिसळून, आणि डबा माझ्या कपाटात असतो.

तपासणीला अन्न सुरक्षा अधिकारी आले तेव्हा पप्पांनी नवा शर्ट घातला होता. साहेबांनी चाखायला काही घेतलं नाही, चहासुद्धा घेतला नाही. भिंतीच्या टाइल्स, जाळी, सांडपाण्याचा उतार बघितला. कच्चं मांस आणि तयार माळा एकाच दाराने जातात हे त्यांनी अर्ध्या मिनिटात हेरलं, आम्हाला नकाशा काढतानाही दिसलं नव्हतं. मग ते थांबले आजोबांच्या फणसाच्या ठोकळ्यापाशी. मधोमध कापून कापून वाटीसारखा खोलगट झालेला. "हा चालणार नाही. भेगांत मांस अडकतं, कितीही धुवा." पप्पांनी एक शब्द काढला नाही. एकट्याने तो ठोकळा उचलून पडवीत नेला. माळा बांधायला ते आता त्यावरच बसतात.

दुसरं दार फोडलं, विटांची वेगळी धुराची खोली बांधली, फोटो अपलोड केले. २०२२च्या फेब्रुवारीत नंबर आला. पहिला आकडा १.

मग लेबल. बॅच नंबर, तारखा, घटक, मांसाहाराची तपकिरी खूण. गोल छापून पाच हजार स्टिकर केले, नंतर कळलं की गोलाच्या जागी आता त्रिकोण आलाय. उरलेल्या स्टिकरांच्या मागच्या बाजूला ममी किराणाच्या याद्या लिहिते. दोऱ्याच्या माळेवर स्टिकर काही बसत नाही, म्हणून व्हॅक्यूमची पाकिटं आली. म्हापशाच्या दुकानदाराने ती ठेवून घेतली. पण पप्पा अजून शुक्रवारच्या बाजारात जाऊन बसतात, तिथे बायका पाकीट उलटंपालटं करून परत ठेवतात, मणी बोटांनी दाबून मोजता येत नाहीत म्हणून. एकीने तर थेट विचारलं, "आत किती मणी आसत, देवाक खबर?" पुढच्या बॅचपासून आम्ही पाकिटावर मण्यांची संख्याही छापतो. नियमात ती मागितलेली नाही.

लायसन्स दिसेल अशा जागी लावावं लागतं. पप्पांनी ते धुराच्या खोलीच्या दारावर लावलं, साहेब आले तर आधी तेच दिसेल म्हणून. पहिली प्रत दोन महिन्यांत पिवळी पडली, लॅमिनेट केलेली दुसरी मध-तपकिरी होऊन तिला विनेगराचा वास यायला लागला. काल तिसरी काढली.