जुने गोवे बघायचं तर फेरीबोटीने या

थंडीत पाहुणे आले की आम्हा डिचोलीकडच्या लोकांना हमखास विचारतात, ओल्ड गोव्याला जायला गाडी कुठे मिळेल. मी दरवेळी सांगतो की गाडी राहू दे, फेरीने जा. हायवेने गेलात की थेट चर्चेसच्या मधोमध उतरता, समोर पार्किंग, बसेस, गाइड, आणि वाटतं की ही दोन-चार मोठी चर्चेस म्हणजेच जुने गोवे. पण हे शहर मांडवीच्या जिवावर जगलं, जहाजं इथेच लागायची, त्यामुळे नदीतून आल्याशिवाय ते कळतच नाही असं माझं ठाम मत आहे.

डिसेंबरात कोल्हापूरची आत्या आली होती, तिला घेऊन असेच गेलो. सुरुवात नार्व्याच्या सप्तकोटेश्वरापासून. हा गोव्याच्या जुन्या कदंब राजघराण्याचा देव, मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि लोकांनी लिंग नदी ओलांडून इकडे आणलं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथे देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. आत्याने तो शिलालेख बघितला आणि बराच वेळ तिथून हललीच नाही, मग म्हणाली, "अरे, महाराज इथवर लक्ष ठेवून होते आणि आम्ही गोव्याला येऊन नुसता समुद्र बघून परत जातो." मला फार बरं वाटलं, कारण गोव्यातलं हे देऊळ प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं.

तिथून खाली धक्क्यावर जायचं, स्कूटर सरळ बोटीवर चढवायची, आणि देव ज्या नदीतून इकडे आला त्याच नदीतून आपण उलटे पलीकडे जायचं. सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर धुकं असतं, पलीकडचा काठ अर्धाच दिसतो, आणि स्वेटर लागतो बरं का, गोव्यात थंडी नसते म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी नदीवर यावं. दिवाडीवर रस्ता खाजन जमिनीतून, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या सखल शेतांतून जातो, दोन्ही बाजूला बांध, मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं), पाणी साचलेल्या जागी बगळे. जुन्या देवळाच्या जागेजवळ कोटीतीर्थाची तळी अजून आहे. टेकडीवर पिएदादचं चर्च, तिथून सगळी नदी दिसते.

मग दिवाडीहून जुन्या गोव्याला जाणारी दुसरी फेरी. ही पाच-दहा मिनिटांची पण खरी हीच. बोट मध्यावर आली की झाडीतून मनोरे वर येतात आणि धक्क्यावर उतरून थोडं चाललं की समोर व्हाइसरॉयची कमान. नवा व्हाइसरॉय लिस्बनहून आला की इथेच उतरायचा आणि या कमानीखालून शहरात शिरायचा. 1599 मध्ये वास्को द गामाच्या पणतूने, तो स्वतः तेव्हा व्हाइसरॉय होता, ती उभारली. मध्ये पडली होती, आत्ताची 1954 मध्ये पुन्हा बांधलेली आहे. नदीकडच्या बाजूला वास्कोचा पुतळा, आणि शहराकडच्या बाजूला एका पगडीवाल्या माणसाला पायाखाली घेतलेली बाई. जिंकणाऱ्याने काय सांगायचं ते दगडात सांगून ठेवलंय. गाडीने येणारे बहुतेक लोक या कमानीपर्यंत येतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात एक काळ्या दगडाची चौकट एकटीच उभी आहे, ती आदिलशहाच्या वाड्याची. 25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने शहर घेतलं तो सेंट कॅथरीनचा दिवस, म्हणून सी कॅथेड्रल तिच्या नावाचं. त्याचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, तो परत बांधलाच नाही.

बॉम जिझस बॅसिलिकामध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, तिथे गर्दी असणारच. 3 डिसेंबरचं फेस्त (संताचा उत्सव) टाळून गेलात तर शांतपणे बघता येतं, फेस्ताची मजा हवी असेल तर मात्र तेव्हाच जा, खाजं, चणे, मेणबत्त्या, सगळा बाजार भरतो. बॅसिलिकाचे तांबडे चिरे उघडे दिसतात ना, ते मुळात तसे नव्हते, वर चुन्याचा गिलावा होता, 1950च्या दशकात तो काढून टाकला. फोटोत छान दिसतं, पण आपला चिरा मऊ, गोव्याचा पाऊस तो खातो. गिलावा परत करावा असं म्हणणारे आहेत आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे, लोकांच्या डोळ्यांची सवय महत्त्वाची की भिंत?

दमला नसाल तर सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याकडे चढा. 46 मीटरचा होता, आता निम्माच उरलाय. 1835 मध्ये मठ बंद झाला, मग छत पडलं, 1931 मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग गेला. जॉर्जियाची राणी केतेवान, जिला 1624 मध्ये इराणात मारलं, तिच्या अस्थी या अवशेषांत सापडल्या, आणि 2021 मध्ये भारताने त्यांतला एक भाग जॉर्जियाला दिला. हे ऐकून आत्या तिथल्या पायरीवरच बसली, "कुठली बाई, कुठे येऊन पडली गं माझी."

इथलं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं, तो वार टाळा, आत कदंबांच्या काळातले वीरगळ आहेत. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसा (प्रार्थना) असतात, म्हणून दुपारनंतर जा. जेवण बसस्टँडजवळ मिळतं, आम्ही भाजी-पाव आणि चहावरच भागवलं. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ सकाळी जातानाच दोन्ही धक्क्यांवर विचारून ठेवा, नार्व्याची चुकली तर पूर्ण वळसा घालून घरी यावं लागतं. आत्या पुढच्या थंडीत परत येणार आहे, तेव्हा रायबंदरहून फेरीने चोडणला, सलीम अली अभयारण्यात पक्षी बघायला जायचं ठरलंय.