चक घट्ट होता, तरी वाडगा उडाला

लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, घेऊन जेमतेम महिना झाला असेल आणि माझा पहिला जरा मोठा वाडगा चकमधून, म्हणजे लाकूड धरून फिरवणाऱ्या पकडीतून, सुटून थेट समोरच्या भिंतीवर आदळला. दहा इंच व्यासाचं लाकूड, बाहेरचा आकार छान आलेला, आतून कोरायला नुकतीच सुरुवात केलेली. गाउजचं, म्हणजे कोरायच्या पन्हळीसारख्या हत्याराचं, टोक कुठेतरी अडकलं, धाड असा आवाज झाला आणि पुढच्या क्षणी चक रिकामा फिरतोय. तोंडावर शील्ड होती आणि मी नशिबाने थोडा बाजूला उभा होतो म्हणून आज हे लिहितोय, नाहीतर दात तरी गेले असते.

सगळ्यात राग कशाचा आला तर मी तो चक व्यवस्थित आवळला होता. व्यवस्थित म्हणजे काय, चावीला लोखंडी पाइप घालून आवळला होता! माझ्या डोक्यात तेव्हा एकच गणित, जितकं जास्त आवळू तितकी पकड जास्त. (पाइप कधीच लावू नका, चकच्या जबड्यांना, म्हणजे जॉना, सरकवणारं आतलं स्क्रोल आणि दात त्यासाठी बनवलेले नसतात.)

मग तो वाडगा उचलून खिडकीपाशी नेला आणि मागचा टेनन नीट बघितला, म्हणजे चकच्या जॉमध्ये धरायला मागे ठेवलेला तो गोल ठोकळा. अर्धा टेनन चंद्रकोरीसारखा तुटून गेलेला. उरलेल्या भागावर जॉच्या कडा रुतल्याचे खोल वळ, पण ते फक्त कडांच्या रेघा, मधली जागा कोरी, म्हणजे जॉ सपाट टेकलेच नव्हते, नखं रोवल्यासारखे कोपऱ्यांवर धरून होते. आणि टेननच्या तळाला एक गोल चमकदार डाग, लाकूड कशावर तरी दाबून घासलं की पडतो तसा. तो डाग कसला हे कळायला मला दोन दिवस लागले. टेनन गरजेपेक्षा लांब होता, तो चकच्या तळाला जाऊन टेकला होता आणि त्यामुळे वाडग्याचा खांदा, म्हणजे टेननच्या मुळाभोवतीची सपाट जागा, जॉच्या तोंडापासून दोनेक मिलिमीटर वर राहिला होता. म्हणजे अख्खा वाडगा त्या बोटभर ठोकळ्यावर डुलत होता. बाजूने एक धक्का बसला आणि मोडला.

ओळखीतले एक काका आयुष्यभर कातकाम करत आलेत, त्यांना तो तुकडा दाखवला. त्यांनी हातात फिरवला आणि विचारलं, "खांदा टेकला होता का रे?" मी म्हटलं काका, खूप घट्ट होता. ते म्हणाले, "घट्टचं विचारत नाहीये. टेकला होता का?" मग मला म्हणाले की चक आठवडाभर बाजूला ठेव, आधी दोन सेंटरमध्ये लाकूड धरायला शीक.

तेव्हा अपमान वाटला खरं तर, पण तो आठवडा कामी आला. दोन सेंटरमध्ये म्हणजे एका बाजूला हेडस्टॉकमध्ये, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या टोकात, दातांचा ड्राइव्ह सेंटर आणि दुसऱ्या बाजूला पुढेमागे सरकणाऱ्या टेलस्टॉकमध्ये बेअरिंगवर फिरणारा लाइव्ह सेंटर, मधे लाकूड दाबून धरलेलं. सोपं वाटतं, पण माझं लाकूड सारखं थांबायचं, सेंटर फिरतोय आणि लाकूड जागेवर, आणि दातांनी टोकाला बशीसारखा खड्डा पाडलेला. कारण मी लाकूड लेथवर चढवून टेलस्टॉकच्या जोरावरच दात रुतवायला बघत होतो. काकांनी सांगितलं, सेंटर लेथमधून काढ, लाकूड बाकावर उभं धर आणि लाकडी हातोडीने सेंटर ठोकून बसव. लेथवर असताना ठोकलं तर तो मार बेअरिंगला बसतो. लाकूड टणक असेल तर टोकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा मारून त्यावर करवतीने उथळ खाचा पाडायच्या, चार दात त्यात बरोबर बसतात आणि केंद्रही आपोआप मिळतं. ठोकताना आवाज बदलतो, आधी पोकळ आणि दात बसले की भरीव, आता मी तो आवाज ऐकूनच थांबतो.

आणखी एक बारीक गोष्ट. सेंटर ज्या निमुळत्या भोकात बसतो, बहुतेक लेथला मोर्स टेपर नंबर 2 असतो, त्या भोकात भुसा अडकला की सेंटर नीट बसत नाही आणि जोर आला की आतल्या आत गरकन फिरतो. एकदा फिरला की आत ओरखडे पडतात आणि मग कायमचा त्रास. त्यामुळे सेंटर घालायच्या आधी फडकं आत फिरवणं ही सवयच लागली. आणि टेलस्टॉकचं चाक एकदा आवळून विसरायचं नाही, लाकूड दबत जातं, पाच-दहा मिनिटांनी थोडं थोडं पुढे घ्यावं लागतं. पण बारीक काठी असेल तर जास्त दाबू नका, ती धनुष्यासारखी वाकते आणि मधे थरथरायला लागते.

मग फेसप्लेट. ही मला सगळ्यात भरवशाची वाटली, जाड लोखंडी चकती, स्क्रूने लाकडाला लावायची आणि स्पिंडलवर, म्हणजे हेडस्टॉकच्या फिरणाऱ्या दांड्यावर, फिरवून बसवायची. इथेही घोळ केलाच. घरात काळे ड्रायवॉलचे स्क्रू पडले होते ते लावले, बारीक आणि लांब, मस्त आत गेले. त्यातल्या दोघांची डोकी पहिल्याच धक्क्यात उडाली. हे स्क्रू कडक असतात पण ठिसूळ, वाकत नाहीत, सरळ तुटतात. जाड अंगाचे लाकडाचे स्क्रू घ्या, प्लेटच्या सगळ्या भोकांत लावा आणि आधी पायलट होल, म्हणजे स्क्रूहून बारीक भोक, पाडा. आणि लाकडाच्या रेषांच्या टोकाकडून, म्हणजे ओंडक्याच्या कापलेल्या तोंडात, स्क्रू लावत असाल तर त्याची पकड निम्म्यावर आली असं धरून चाला. तंतूंच्या मधून घुसलेला स्क्रू सहज उपटून येतो. तिथे लांब स्क्रू लावा आणि टेलस्टॉक सोडू नका.

आठवड्याने परत चककडे आलो. आता टेनन करताना तीन गोष्टी बघतो आणि त्या बघितल्याशिवाय चावीला हात लावत नाही.

एक म्हणजे व्यास. चार जॉ जवळपास मिटले की त्यांचं मिळून एक गोल तयार होतं, आणि त्याच मापाला ते गोल खरंच गोल असतं. त्याहून खूप मोठा टेनन केला की जॉ उघडतात आणि प्रत्येक जॉ फक्त दोन कोपऱ्यांवर टेकतो, माझ्या पहिल्या टेननवर ते वळ उठले होते ते यामुळेच. त्यामुळे आधी जॉ मिटवून जरासे उघडतो, कॅलिपरने माप घेतो आणि टेनन त्याच्या जवळपास ठेवतो. पण वाडगा मोठा असेल तर छोट्या जॉवर भागवू नका. टेनन वाडग्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के असावा असं काका सांगतात, त्या हिशोबाने जॉचा सेटच मोठा लावायचा.

दुसरं म्हणजे लांबी. आधी जॉ किती खोल आहेत ते मोजायचं आणि टेनन त्याहून दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवायचा, तळाला टेकताच कामा नये.

आणि खांदा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. टेनन जिथे वाडग्याला मिळतो तो कोपरा स्क्यूच्या, म्हणजे तिरप्या धारेच्या पटाशीच्या, टोकाने साफ करायचा, तिथे एखादा जरी तंतू उभा राहिला तर जॉ त्याच्यावर चढून बसतात. खांद्याचा भाग सपाट किंवा आतल्या बाजूला केसभर खोल, बाहेर फुगलेला अजिबात नको. पट्टी आडवी लावून बघतो. मग चकमध्ये बसवून जॉ आणि खांदा यांच्या मधे मागून टॉर्च मारतो, उजेड दिसला तर काढून परत करतो. जॉ आतून तिरपे कापलेले असतील तर टेननही मुळाशी जरासा बारीक, तसाच तिरपा, म्हणजे आवळताना जॉ वाडग्याला स्वतःकडे ओढून घेतात आणि खांदा आणखी गच्च टेकतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी चावी पाइपशिवाय, फक्त मनगटाने आवळली आणि वाडगा धरून हलवून बघितला तर अख्खी लेथ हलली, वाडगा नाही.

आवळतानाही एका भोकातून आवळून सोडत नाही, चक अर्धा फिरवून दुसऱ्या भोकातून परत आवळतो, आणि दहा-पंधरा मिनिटं काम केलं की लेथ बंद करून पुन्हा एकदा. ओल्या लाकडात तर चावी दर वेळी थोडी फिरतेच. आणि चावी चकमध्ये राहिलेली असताना स्विच दाबणं हे मी एकदा केलंय, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लाकूड कसलं आहे यावरही खूप अवलंबून. फांदीचा गाभा टेननमधून जात असेल तर तो टेनन आहे असं समजूच नका, गाभ्यापासून चिरा फुटतात. माझ्या त्या उडालेल्या वाडग्यात एक बारीक चीर होती हेही नंतर कळलं, मी ती रेघ समजलो होतो.

टेननऐवजी तळात उथळ खड्डा करून जॉ आतून फाकवून धरायची पद्धतही आहे. दिसायला छान, तळ तसाच राहतो, पण मी त्यात एक वाडगा उभा चिरला. जॉ बाहेरच्या दिशेने ढकलतात आणि लाकूड तंतूंच्या रेषेत सहज फाटतं. खड्ड्याभोवती भरपूर लाकूड शिल्लक असेल आणि हात हलका असेल तरच करा.

लाकूड वाया घालवायचं नसेल तर तळाला दुसरा ठोकळा चिकटवून त्याचा टेनन करता येतो. सुपरग्लूने चिकटवलेला माझा ठोकळा दोनदा गाउज अडकल्यावर काच फुटल्यासारखा कट् करून सुटला, तो गोंद ओढ सहन करतो पण धक्का नाही. आता साधा पांढरा सुतारकामाचा गोंद, दोन्ही तोंडं अगदी सपाट करून, क्लॅम्प लावून रात्रभर. मधे खाकी कागद घातला तर नंतर त्या जोडावर पटाशी ठेवून एक ठोका मारला की कागदच दोन पापुद्र्यांत फाटतो आणि ठोकळा अलगद निघतो. ही युक्ती बघून मला लहान मुलासारखा आनंद झाला होता. फक्त कागदाचा जोड असेल तर टेलस्टॉक लावूनच ठेवा.

ओल्या लाकडाचा वाडगा जाड कोरून वाळवत ठेवतो ना, साधारण व्यासाच्या एक दशांश जाडीचा, तो वाळला की अंडाकृती होतो, कारण लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. वाडग्याबरोबर टेननही अंडाकृती होतो. तो तसाच परत चकमध्ये घातला तर पहिल्या दिवसाचीच गंमत पुन्हा. त्यामुळे टेनन आधीच थोडा मोठा ठेवायचा आणि वाळल्यावर वाडगा दोन सेंटरमध्ये धरून टेनन परत गोल करून घ्यायचा, मग चक.

वेगाचं सांगायचं राहिलं. व्यास इंचात गुणिले आरपीएम हे सहा ते नऊ हजारांच्या मधे असावं असा एक ठोकताळा आहे, म्हणजे दहा इंचाला 600 ते 900. पण ओबडधोबड लाकूड पहिल्यांदा लावलं की मी सगळ्यात कमी वेगानेच सुरू करतो, त्याआधी हाताने एक फेरी फिरवून कुठे अडकत नाही ना बघतो, आणि स्विच दाबताना वाडगा उडाला तर ज्या रेषेत जाईल त्या रेषेतून बाजूला होतो. वेग दुप्पट केला की उडणाऱ्या लाकडातला जोर चौपट होतो, हे शाळेत शिकलो होतो पण भिंतीवरचा खड्डा बघून पटलं.

मागच्या महिन्यात परत गाउज अडकला. तसाच दहा इंची वाडगा, तसाच आतून कोरताना. पट्टा किंचाळला, लेथ जागेवर थांबली आणि वाडगा जॉमध्ये तसाच. काढून बघितलं तर टेननवर चार रुंद, सपाट, एकसारखे ठसे, कडांच्या रेघा कुठेच नाहीत. परत लावला, पूर्ण केला.

तळ साफ करताना तो उलटा करून एका लाकडी चकतीवर, मधे फोमचा तुकडा ठेवून, काठ टेकवून धरतो आणि टेलस्टॉक तळाच्या मध्यावर, शेवटी राहिलेली बोटाएवढी गाठ पटाशीने काढतो. सध्या अडलोय ते सालीच्या काठाच्या वाडग्यांवर, म्हणजे ज्यांच्या काठाला झाडाची साल तशीच ठेवलेली असते. त्यांचा काठ वरखाली असतो, चकतीवर टेकतच नाही, म्हणून वाडग्याच्या पोटात गोल डोक्याचा ठोकळा घालून त्यावर जाड चामड्याचा तुकडा लावून बघतोय. दोन जमले, तिसरा मधोमध आला नाही, तो अजून बाकावर तसाच पडलाय.