नाकात बोलणारी बाई

रत्नागिरीहून पुण्याला शिकायला आले तेव्हा हॉस्टेलच्या मुली माझी नक्कल करायच्या, 'नाकात बोलते' म्हणून. वीस वर्षांनी तीच नक्कल पुन्हा ऐकली, ती थेट बोगनव्हिल बेटाच्या शेजारी. (आपली बोगनवेल आणि हे बेट, दोघांना नाव एकाच फ्रेंच दर्यावर्द्याचं.)

पापुआ न्यू गिनीच्या या टोकाला, बुका गावात मी एका घाऊक दुकानाचे हिशेब बघते. समोर अरुंद सामुद्रधुनी. होडीनं पलीकडे कोकोपाऊला उतरायचं, तिथून लँड क्रूझर नद्या तुडवत दक्षिणेला जाते. गोदामातली माझी सहकारीण त्या वाटेवरच्या वाकुनाईमागच्या डोंगरातली. आम्ही बोलतो टोक पिसिनमध्ये, म्हणजे इंग्रजीवरून घडलेल्या इथल्या सामाईक भाषेत. तिची घरची भाषा रोटोकास. १९८१ च्या नोंदीत बोलणारे ४,३२० होते.

रोटोकास रोमन लिपीत लिहितात, पण अक्षरं बाराच. पाच स्वर, सात व्यंजनं. त्यातही 'स' म्हणजे 'इ'च्या आधी आलेला 'त'च. हसू नका, आपणही म्हैस म्हणतो आणि लगेच म्हशी. पण खरी गंमत पुढेच आहे. तिच्या बोलीत म आणि न हे नाकातले उच्चारच नाहीत! रोटोकासच्याच आइता नावाच्या बोलीत आहेत, हिच्यात नाहीत. म्हणजे 'मी' नाही, 'माझं' नाही, 'नाव' नाही. 'नाही' म्हणायचीही सोय नाही. टोक पिसिनमध्ये मात्र तिचे म-न खणखणीत असतात.

एका दुपारी मालाचा ट्रक यायचा होता. मी कुठेतरी वाचून पाठ केलेलं वाक्य तिला ऐकवलं: 'ओसिरेइतोआरेइ आवुकावा इआवा उरुरुपाविरा तोउपासिवेइरा.' म्हातारीचे डोळे मिटलेले आहेत. 'आवुकावा' म्हातारी, त्यातला शेवटचा 'वा' स्त्रीलिंगाचा. 'ओसिरेइतो' डोळा, आणि त्याच्या शेपटीचा 'तो' चक्क पुल्लिंगाचा. 'आरेइ' म्हणजे दोन. द्विवचन! शाळेत संस्कृतच्या तासाला ज्यानं रडवलं, ते इथे डोंगरात नांदतंय, आणि क्रियापदाच्या पोटातला 'सि' तोच हिशेब पुन्हा लावतो. 'इआवा' आपल्या 'ची-चे'सारखं नामाच्या मागे येतं, क्रियापद अगदी शेवटी. मला घरच्यासारखं वाटलं.

तिनं ऐकून घेतलं आणि गोदामातल्या पोरांकडे वळून माझी नक्कल केली: 'आमुकामा इआमा...' सगळे खिदळले.

शपथेवर सांगते, मी एकही म काढला नव्हता! पण परक्याचं रोटोकास म्हणजे गेंगाणंच, असा तिथला रिवाज. परक्यानं म-न उच्चारले असोत वा नसोत, नकलेत ते घालायचेच. रोटोकासचा अभ्यास करणाऱ्या फर्चो दांपत्यानं १९६९ साली हे टिपून ठेवलंय, ते मला नंतर कळलं.

मग मी नाक चिमटीत धरून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. एकही उच्चार अडला नाही. तिला तरीही ते नाकातलंच ऐकू आलं.